सीतेची वेणी: मुळांकडे पाहून जोपासायचे ऑर्किड

मे महिना सरत आला आणि वळवाच्या दोन-चार सरी पडून गेल्या की आंबोली, राधानगरी, कोयना परिसरातल्या जुन्या झाडांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे गजरे लोंबू लागतात. जवळून पाहिले तर एकेक फूल जेमतेम पाऊण इंचाचे. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट गुलाबी ठिपके आणि मध्ये त्याच रंगाची गडद ओठपाकळी. अशी शंभराहून जास्त फुले एकाच दांड्याभोवती इतकी दाट बसतात की दांडा दिसतही नाही. तुऱ्याची लांबी फूट-दीड फूट, कधी दोन फुटांपर्यंतही जाते. या ऑर्किडला मराठीत ‘सीतेची वेणी’ म्हणतात. नाव किती नेमके आहे, हे तुरा एकदा पाहिला की कळते.

फुललेली वेणी पाहिली की ती आपल्या अंगणात असावी असे कोणालाही वाटते. रोप घरी येते, कुंडीत माती-शेणखत भरून लावले जाते, तुळशीबरोबर त्यालाही रोज तांब्याभर पाणी मिळते आणि दोन-तीन महिन्यांत ते कुजून जाते. हौस कमी नसते, मायाही कमी नसते. चूक असते ती माती देण्यात, कारण या वनस्पतीने जन्मात कधी माती पाहिलेली नसते.

बांडगूळ नव्हे, बिऱ्हाडकरू

झाडावर वाढणाऱ्या प्रत्येक हिरव्या झुबक्याला ‘बांडगूळ’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. आंब्यावरचे खरे बांडगूळ फांदीत मूळ खुपसून तिचा रस ओढते. सीतेची वेणी तसे काही करत नाही. तिची मुळे सालीला बाहेरून घट्ट धरून ठेवतात. झाडाकडून ती फक्त उंचीवरची जागा घेते. पाणी मिळते पावसातून, धुक्यातून आणि दवातून, तर खोडावरून ओघळणाऱ्या पाण्यात विरघळलेले क्षार हे तिचे अन्न. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. आंब्यावर ऑर्किड दिसले म्हणून ते खरवडून काढणाऱ्या बागायतदारांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्याने झाडाचे काहीच बिघडत नाही.

हिची सगळी कहाणी मुळांत आहे. जाड, दोरीसारखी मुळे हवेत मोकळी लोंबतात. त्यांच्यावर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते, त्याला व्हेलामेन म्हणतात. सुके मूळ चांदीसारखे पांढुरके दिसते. त्यावर पाण्याची फवारणी करून पाहावी. काही क्षणांत आवरण पाणी शोषून पारदर्शक होते आणि आतले हरितद्रव्य दिसू लागल्याने पांढरे मूळ डोळ्यांदेखत हिरवे होते. हा रंगबदल ज्याला वाचता आला त्याला पाणी कधी द्यायचे हे कोणाला विचारावे लागत नाही. मूळ हिरवे आहे तोवर ते तृप्त आहे. पांढरे झाले की सुकले. आणि पुन्हा ओले होण्याआधी ते सुकलेच पाहिजे. मातीत मूळ सुकत नाही, त्याला हवा मिळत नाही, म्हणून ते कुजते.

सीतेच्या वेणीला डेंड्रोबियम या ऑर्किडसारखे पाणी साठवणारे फुगीर खोड नसते. एकच दांडा वरच्या दिशेने वाढत जातो. दोन्ही बाजूंना पन्हळीसारखी दुमडलेली, जाड, चिवट पाने येतात. पानाचे टोक चावा घेतल्यासारखे तुटक दिसते. फूल नसताना ओळख पटवायला ही खूण कामी येते, आणि शास्त्रीय नावातल्या ‘रेट्युसा’ या शब्दाचा रोखही अशा बोथट, खाचदार टोकाकडे असतो.

नावाचा प्रवास

शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. ‘ऱ्हिंकोस’ म्हणजे चोच. फुलाच्या मधल्या स्तंभाला चोचीसारखा आकार असतो, त्यावरून हे प्रजातिनाव ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली दिले. त्याआधी १७५३ साली लिनिअसने हिची नोंद ‘एपिडेंड्रम रेट्युसम’ म्हणून केली होती. त्याच्याही मागे गेले तर मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याच्या ‘हॉर्टस मलाबारिकस’ या ग्रंथापाशी पोचता येते. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेल्या बारा खंडांतल्या शेवटच्या खंडात मलबारमधल्या ऑर्किडांची चित्रे आहेत आणि त्यांत हीसुद्धा आहे. या ग्रंथासाठी इट्टी अच्युदन या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी पंडितांनी माहिती पुरवली होती. त्यांचे कोकणी भाषेतले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे.

हिचा मुलूख मोठा आहे. सह्याद्री, हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत, श्रीलंका आणि तिथून थेट इंडोनेशिया-फिलिपाइन्सपर्यंत ती आढळते. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे हे राज्यफूल. आसामीत तिला ‘कोपौ फूल’ म्हणतात. एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या रोंगाली बिहूत नाचणाऱ्या मुलींच्या अंबाड्यावर हाच तुरा माळलेला असतो. आपल्याकडे नावात वेणी आहे आणि तिकडे ती खरोखरच केसांत माळली जाते. तिकडचा बहर आपल्यापेक्षा महिनाभर आधी येतो एवढाच फरक.

रोप आणावे कुठून

जंगलातून अजिबात आणू नये. भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली जंगलातली वनस्पती हे वनोपज ठरते. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून काही उचलणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी खोडावरून ओरबाडलेल्या रोपाची निम्मी मुळे सालीलाच चिकटून राहतात आणि उरलेल्या मुळांवर ते क्वचितच तगते. म्हणजे जंगलातली वेणी जाते आणि अंगणातलीही राहत नाही.

रोपवाटिकेतले रोप आणि जंगलातून आलेले रोप यांत फरक ओळखता येतो. रोपवाटिकेतली रोपे साधारण एका वयाची, एका मापाची असतात. ती छोट्या जाळीच्या कुंडीत किंवा लाकडी टोपलीत रुजलेली असतात आणि त्यांची मुळे टोपलीच्या पट्ट्यांना धरून असतात. रस्त्याकडेला जुडी बांधून विकायला ठेवलेली, मुळांना सालीचे कपचे आणि शेवाळ चिकटलेली, किडींनी कुरतडलेल्या जुन्या पानांची रोपे दिसली तर ती घेऊ नयेत. घेताना मुळे आधी तपासावीत. ती टणक हवीत आणि निदान दोन-तीन मुळांची टोके हिरवी हवीत. दाबल्यावर पोकळ लागणारे मूळ मेलेले असते. पाने किती आहेत याला त्यानंतरचे महत्त्व.

याला एक अपवाद आहे. आपल्याच वाडीतला जुना आंबा वादळात पडतो किंवा घराच्या कामासाठी फणस तोडावा लागतो. त्यावर वेणी असेल तर तिला सालीसकट काढावे. धारदार कोयत्याने मुळांखालची साल पातळ तासून घ्यावी आणि तो तुकडा तसाच दुसऱ्या झाडावर बांधावा. मुळे न दुखवता स्थलांतर करायची याहून चांगली रीत नाही.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र सुट्टीला आल्यावर रोप बॅगेत टाकून नेण्याचा मोह टाळावा. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत सगळे ऑर्किड कुळ नोंदलेले आहे. परवान्याशिवाय नेलेले रोप विमानतळावर जप्त होऊ शकते.

बांधायचे कसे

सगळ्यात चांगला मुहूर्त मृगाचा. फुले नुकतीच संपलेली असतात, हवेत ओल असते आणि नव्या मुळांची टोके फुटू लागलेली असतात. नवे मूळ सालीला लगेच धरते. जुने, वाढ थांबलेले मूळ नव्याने सहसा चिकटत नाही.

अंगण असेल तर झाडावरच बांधावे. आंबा, फणस, जांभूळ, ऐन यांची साल खडबडीत आणि टिकाऊ असते. निलगिरी किंवा पेरूची साल पापुद्र्यासारखी सुटते आणि तिच्याबरोबर ऑर्किडही खाली येते. खोडाची पूर्वेकडची बाजू निवडावी, म्हणजे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारचे टळते. पश्चिमेकडचे एप्रिलचे ऊन पाने भाजून काढते. उंची डोळ्यांच्या पातळीला किंवा जराशी वर असावी. तुरा खाली लोंबतो, त्याला मोकळी जागा लागते, आणि रोज नजर पडेल अशा ठिकाणी रोप असले की दुखणे वेळेवर कळते.

बांधताना रोपाचा शेंडा सरळ आभाळाकडे करू नये. तो बाजूला, थोडा खाली झुकलेला असावा. पन्हळी पानांतून पाणी शेंड्यात जाऊन साचले तर तिथूनच कुज लागते, आणि या रोपाला वाढायला शेंडा एकच. बांधायला जुन्या सुती साडीची दोन बोटे रुंद पट्टी उत्तम. ती मुळांना काचत नाही आणि काही काळाने आपोआप विरते. तांब्याची तार वापरू नये, तांबे ऑर्किडच्या मुळांना बाधते. पट्टी इतकी घट्ट हवी की रोप वाऱ्याने हलणार नाही. हलणाऱ्या रोपाच्या मुळांची कोवळी टोके सालीवर घासून मरतात. कोकणातल्या पावसात मुळांमागे काही घालायची गरज नाही. पुणे, सोलापूर, नागपूरसारख्या कोरड्या हवेत मुळांवर नारळाच्या सोडणाचा पातळ थर ठेवावा. सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्यावे, म्हणजे त्यातले क्षार आणि तपकिरी रस निघून जातो.

झाड नसेल तर सागवानी पट्ट्यांची टोपली घ्यावी. तिच्यात लाकडी कोळशाचे मोठे तुकडे आणि विटांचे खडे सैलसर ठेवावेत. हे खडे रोपाला आधार देण्यापुरतेच. टोपली भरून काढायची नाही. काही दिवसांत मुळे टोपलीबाहेर पडून हवेत लोंबतील. त्यांना आत कोंबू नये, कापू तर मुळीच नये.

ऊन, वारा, पाणी

फ्लॅटमधल्या वाचकांना पहिला प्रश्न जागेचा असतो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ही वनस्पती जगत नाही. तिला वारा लागतो. पूर्वेची बाल्कनी किंवा खिडकीबाहेरची ग्रिल चालते. गच्ची असेल तर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी. उजेड पुरेसा आहे की नाही हे पानेच सांगतात. किंचित पिवळसर झाक असलेला हिरवा रंग योग्य. गर्द हिरवी, लांबुडकी, लिबलिबीत पाने म्हणजे उजेड कमी, अशा रोपाला सहसा फुले येत नाहीत. पाने पिवळी पडून त्यांवर पांढरे, वाळके डाग उठले तर ऊन जास्त होते आहे.

पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत पाने कोरडी होतात. नुसते शिंपडून भागत नाही. मुळे पूर्ण हिरवी होईपर्यंत पंपाने भिजवावीत किंवा टोपली दहा मिनिटे बादलीत बुडवून ठेवावी. बोअरवेलचे जड पाणी टाळलेले बरे. त्यातले क्षार मुळांवर पांढऱ्या पुटासारखे बसतात आणि टोके काळी पडतात. पागोळीखाली पिंप ठेवून धरलेले पावसाचे पाणी सर्वांत उत्तम, फक्त त्यावर डासांसाठी जाळी घट्ट बांधावी.

खत थोडे पण नियमित द्यावे. बाजारात मिळणारे १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम घ्यावे. आधी साध्या पाण्याने मुळे भिजवावीत आणि मगच खताचे पाणी फवारावे. कोरड्या मुळांवर खत पडले तर ती भाजतात. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने मुळे भरपूर धुवावीत. शेणकाला किंवा तांदळाचे धुवण हवेतल्या मुळांवर ओतू नये. मुळांवर चिकट थर बसतो, बुरशी येते आणि मुंग्या लागतात.

वर्षाचे वेळापत्रक

जून ते सप्टेंबर हा वाढीचा काळ. झाडावरच्या रोपाला पाऊस पुरतो. पावसाने आठवडाभर दडी मारली तर मात्र रोज पाणी द्यावे. उघडीप असेल तेव्हा आठवड्यातून एकदा खत द्यावे. टोपलीतले रोप संततधारेत पागोळीच्या थेट धारेखाली ठेवू नये.

ऑक्टोबरच्या उन्हात पाणी दिवसाआड सुरू ठेवावे. नोव्हेंबर ते जानेवारी हा विश्रांतीचा काळ. मुळांची हिरवी टोके बंद होतात, त्यांवरही पांढरे आवरण चढते. सह्याद्रीत या दिवसांत पाऊस नसतो, रोप रात्रीच्या दवावर राहते. घरीही पाणी आठवड्यातून दोन-तीनदाच द्यावे आणि खत थांबवावे. पानांवर उभ्या सुरकुत्या पडू लागल्या तरच पाणी वाढवावे. बारा महिने सारखेच पाणी आणि सारखेच खत दिलेले रोप पानांनी भरते, फुलांनी नाही. हिवाळ्यातली ही कोरडी विश्रांती बहुतेक घरांत तिला मिळतच नाही.

फेब्रुवारीत ऊन तापू लागले की पाणी हळूहळू वाढवावे. मार्चपासून रोज, आणि मराठवाडा-विदर्भात वैशाखात सकाळ-संध्याकाळ. तिथे रोपाखाली पाण्याने भरलेली परात ठेवावी किंवा फरशी ओली ठेवावी, म्हणजे आसपासची हवा दमट राहते. याच दिवसांत पानांच्या बगलेत एक जाड टोक दिसते. त्याला मूळ समजू नये. मुळाचे टोक गुळगुळीत, गोलसर असते, तर फुलांच्या दांड्याचे टोक जरा चपटे असते आणि त्यावर खवल्यांसारखी आवरणे दिसतात. ते दिसल्यावर रोपाची जागा बदलू नये, उजेडाची दिशा बदलली तर दांडा वाकडातिकडा वाढतो. फुले दोन-तीन आठवडे टिकतात आणि त्यांना मंद सुवासही असतो.

दुखणी

पावसाळ्यातला पहिला शत्रू गोगलगाय आणि तिची बिनशंखाची बहीण शेंबडी. रात्री बाहेर पडून त्या मुळांची कोवळी टोके आणि कळ्या खातात. रात्री जेवण उरकले की बॅटरी घेऊन एक फेरी मारावी आणि त्या चिमट्याने वेचून काढाव्यात. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बेचक्यात दडतात. जुन्या दात घासायच्या ब्रशने साबणाचे पाणी लावून त्या पुसाव्यात आणि आठवड्याने पुन्हा पाहावे.

सर्वांत घातक शेंड्याची कुज. शेंड्यातले कोवळे पान ओढल्यावर अलगद हातात आले आणि बुडाशी काळे, ओलसर दिसले की समजावे. नारळाचा कोंब कुजवणारी फायटोप्थोरा बुरशी ऑर्किडांवरही पडते, त्यामुळे बागायतदारांना ही लक्षणे नवी नाहीत. निर्जंतुक केलेल्या ब्लेडने निरोगी भाग लागेपर्यंत काळा भाग कापावा, कापावर दालचिनीची पूड लावावी, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम घेऊन फवारावे आणि आठवडाभर रोप पावसाआड ठेवावे. शेंडा गेला तरी खालची मुळे धडधाकट असतील तर रोप टाकून देऊ नये. पुष्कळदा बुडाकडून नवा फुटवा येतो.

असा फुटवा हीच घरच्या घरी नवे रोप मिळवायची रीत. त्याला स्वतःची निदान तीन मुळे आल्याशिवाय तो वेगळा करू नये. बियांपासून रोप करणे घरी जमत नाही. एका शेंगेत धुळीइतके बारीक असंख्य बी असते, पण त्यात अन्नाचा साठाच नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. १९२२ साली लुइस नडसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय, ऑर्किडचे बी रुजवून दाखवले आणि काचेच्या बाटल्यांत रोपे वाढवण्याचा मार्ग खुला झाला. सिक्कीममधल्या पाकयोंग येथे १९९६ साली सुरू झालेले राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र आपल्या देशी ऑर्किडांवर काम करते. प्रयोगशाळेत वाढलेली रोपे जितकी जास्त मिळतील तितका जंगलावरचा हात निघेल. म्हणून रोप विकत घेताना ते कुठे वाढवले हे विक्रेत्याला विचारावेच.

फुले संपली की दांडा सुकू द्यावा आणि बुडाशी कापावा. रोप लहान असेल तर शेंगा धरू देऊ नयेत, त्यात त्याची शक्ती जाते. बांधल्यानंतरच्या दुसऱ्या मृगात साडीची पट्टी तपासावी. नव्या मुळांनी तिच्यावरून, खालून वाट काढून सालीच्या भेगा धरलेल्या असतील. रोप दोन बोटांत धरून हलकेच हलवून पाहावे. ते जागचे हलले नाही, तर कात्रीने पट्टी कापून सोडवून घ्यावी, आणि एखादे मूळ तिच्यातूनच गेलेले असेल तर तेवढी चिंधी तिथेच राहू द्यावी.